तपकिरी थर दिसला म्हणून नायट्रेट शून्यावर नेऊ नका

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, तपकिरी थर आला की पाण्यातली नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्यं शून्यावर आणा, हा सल्ला सध्या सर्रास फिरतोय. सरसकट पाळलात तर अंगाशी येईल. नव्या टँकमधली भुकटीसारखी तपकिरी पूड बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाची. सिलिकेट संपलं की ओसरते. पण शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री विरळ आणि दिवे लागताच पुन्हा हजर, असं दिसलं तर संशय डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा. थोडा थर बाटलीत पाण्यासोबत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा, खालचं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात तंतू पुन्हा जमले तर तेच. यांचं फावतं नेमकं शून्यावर! नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास राहू द्या. त्यांतला ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार रात्री पाण्यात उतरतो, तिथे पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा उपयोगी. वाळूत दडणाऱ्या अँफिडिनियमसाठी मात्र तो खर्च जवळपास पाण्यातच.