अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस नव्हे!

रविवारी सकाळी साडेसातला बाबांचा फोन. "अगं, हा टायर काही केल्या चढत नाहीये. एक बाजू बसवली की दुसरी बाहेर येते. काही युक्ती आहे का?" मागून आईचा आवाज आला, "सहापासून ओसरीत बसलेत. चहा दोनदा गरम करून झाला."

बाबा एकाहत्तर वर्षांचे. साताऱ्यात शाहूपुरीहून राजवाड्याला रोज सायकलनं जातात, भाजी घेऊन येतात. सायकल रॉडब्रेकवाली, काळी, उंच, वयानं माझ्याहून मोठी. व्हिडिओ कॉल लावला तर समोर काय? ओसरीभर पाने पसरलेले, तळहाताला चिंधी बांधलेली (स्क्रू-ड्रायव्हर निसटला), शेजारी चिमटून फाटलेल्या दोन ट्यूब आणि एक कोरा करकरीत परदेशी टायर. साडेतीन हजारांचा.

"हा कुठून आणला?"

"ग्रुपवर आलं होतं ना. अण्णांनी टाकलेलं."

अण्णा म्हणजे थोरले काका. त्यांच्या बोटाखालून जे जातं ते घराण्यातल्या सेहेचाळीस माणसांपर्यंत पोचतं. हेही पोचलं होतं, मी न वाचता पुढे सरकवलं होतं, ती चूक माझी. आता वाचलं. 'सायकलवाल्यांनो, पंक्चरला कायमचा रामराम ठोका!' असं शीर्षक, खाली सात कलमं: एक, जर्मन टायर घ्या, तो कधीच पंक्चर होत नाही, पंप आणि पॅच फेकून द्या. दोन, साइजचा बाऊ करू नका, २८ म्हणजे २८ आणि २६ म्हणजे २६. तीन, 'केव्हलर' लिहिलेला कुठलाही टायर चालतो. चार, पेट्रोल पंपावर हवा दगडासारखी कडक भरा, काटा आत शिरणारच नाही. पाच, पावसाळ्यात खोल नक्षीचाच टायर, नाहीतर पाण्यावर तरंगून पडाल. सहा, जुनी ट्यूब कापून टायरच्या आत घाला. सात, सगळ्यांत उत्तम म्हणजे बिनहवेचा भरीव टायर.

मी पुण्यात धायरीहून डेक्कनला रोज सायकलनं ऑफिसला जाते, जाऊन-येऊन वीस किलोमीटर. त्यामुळे यातल्या बहुतेक चुका मी स्वतःच्या पैशानं करून झालेल्या आहेत.

सुरुवात दुसऱ्या कलमापासून, कारण बाबांचा तळहात त्यानंच कापला. २८ म्हणजे २८ नसतं हो! बाबांच्या जुन्या टायरवर '२८ × १ १/२' असं आहे. नव्यावर मोठ्या अक्षरांत '२८ × १.४०'. दोन्हीकडे अठ्ठावीस, म्हणून बाबांनी मागवला. पण त्याच नव्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत '३७-६२२' असंही आहे. खरी साइज ती. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आयएसओ ५७७५ हे मानक याच आकड्यांवर चालतं. बाबांच्या रिमचा व्यास आहे ६३५. फरक तेरा मिलिमीटर, म्हणजे घेरात चार सेंटिमीटर. टायरच्या कडेतली तार पोलादी, ती ताणली जात नाही. बाबांनीच काय, साताऱ्याच्या तालमीतल्या पैलवानानं जोर लावला असता तरी तो टायर त्या चाकावर चढला नसता.

२६ चं तर विचारूच नका. २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, २६ × १ १/२ म्हणजे ५८४, २६ × १ ३/४ म्हणजे ५७१ आणि गिअरवाल्या सायकलींचा २६ × १.९५ म्हणजे ५५९. नाव एक, चाकं चार. अपूर्णांकातला पावणेदोन आणि दशांशातला १.७५ शाळेच्या गणितात समान, टायरच्या दुकानात नाही. हे मी मनानं सांगत नाहीये. शेल्डन ब्राउन नावाचा अमेरिकेतला सायकल मेकॅनिक होता, २००८ साली गेला. टायरच्या मापांचे त्यानं केलेले तक्ते आजही जगभरचे मेकॅनिक उघडतात. त्यात हा सगळा गोंधळ ओळीनं मांडलेला आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तेवढं चाळलं असतं तर बाबांचे साडेतीन हजार वाचले असते. विकणाऱ्यानं 'फिटिंग केलेला माल परत घेत नाही' म्हणून हात वर केलेत.

आता चौथं कलम. दुसऱ्यात पैसे गेले, यात माणूस जाऊ शकतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते ती मोटारीच्या मानानं चिमूटभर. पेट्रोल पंपाचा कॉम्प्रेसर ती काही सेकंदांत भरतो आणि नळी काढायला जरा उशीर झाला की संपलं. गेल्या वर्षी रांगेत माझ्या पुढे एक शाळकरी पोरगा होता. हवा भरणारा फोनवर बोलत होता. धाडकन आवाज झाला, टायर रिमवरून उडाला, पोरगा दप्तरासकट मागे पडला. लागलं नाही फारसं, पण पाच मिनिटं त्याला धड ऐकू येत नव्हतं. गंमत अशी की बाबांच्या काळ्या सायकलच्या वॉल्व्हला, त्या आत रबरी नळी असणाऱ्याला, पेट्रोल पंपाची नळी बसतच नाही. बसते ती मुलांच्या सायकलींना, मोटरसायकलसारखा वॉल्व्ह असतो त्यांना. म्हणजे हा सल्ला नेमका पोरांच्या जिवावर.

आणि कडक टायरमध्ये काटा शिरत नाही हे कुणी सांगितलं? टायर जरा दबणारा असेल तर खड्यावरून, काचेवरून अंग चोरतो. दगडासारखा असेल तर सगळं वजन त्या एका टोकावर येतं. शिवाय ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि आपल्या रम्बलरवरून जाताना मणका मोजता येतो. खरं आहे ते इतकंच, की हवा फार कमी असेल तर खड्ड्यात टायर दबून ट्यूब रिमच्या कडेवर आपटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तेवढं पंक्चर जास्त हवेनं टळतं. म्हणून टायरच्या बाजूला किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे छापलेले असतील तर त्यांच्या मध्ये राहायचं, मागच्या चाकात थोडी जास्त, कारण वजन तिकडे असतं. घरचा पायपंप पुरतो.

केव्हलरबद्दल. केव्हलर हे एका कंपनीच्या अ‍ॅरामिड धाग्याचं नाव, स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ मध्ये ड्यूपाँटमध्ये शोधलेला. धागा जबरदस्तच आहे. पण टायरमध्ये तो दोन वेगळ्या जागी असू शकतो. एक, नक्षीच्या खाली पट्टा म्हणून. दोन, कडेला पोलादी तारेऐवजी, म्हणजे टायर घडी करून पिशवीत मावतो. दुसऱ्या प्रकारात काट्यापासून संरक्षण शून्य, पण डब्यावर 'केव्हलर' तितक्याच दिमाखात. दुकानदाराला एकच विचारायचं: पट्ट्यात आहे की कडेत?

आणि पट्ट्यातला असला तरी तो विणलेला कपडा आहे. काचेचा काप तो छान अडवतो. बारीक तार मात्र धाग्यांच्या मधून वाट काढते. ही तार येते कुठून? ट्रकचे टायर फाटून त्यांच्या ज्या चिंध्या हायवेवर पडलेल्या असतात, त्यांच्यातून. केसापेक्षा जराशी जाड, दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी वडगावच्या पुलाजवळ एकाच आठवड्यात माझं मागचं चाक तीनदा बसलं. पंक्चरवाल्या काकांनी तीनदा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे शोधले, पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावून पॅच चिकटवला. चौथ्यांदा मी घरी टायर काढला आणि जुना पायमोजा हातात घालून आतून फिरवत गेले. एका जागी मोज्याचा धागा अडकला. चिमट्यानं ओढलं तर चार मिलिमीटरची तार. बाहेरून काही म्हणजे काही नव्हतं. काका चांगले आहेत, पण टायरच्या आत हात फिरवायला त्यांना वेळ नसतो, हे आपण करायचं.

तारेवर आणि सराट्यावर उपाय जाडीचा. सराटा म्हणजे गोखरू, नदीकाठच्या रस्त्याला, मैदानाच्या कडेला पावसाळा सरता सरता वाळून पडलेला असतो. कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस हे त्याचं शास्त्रीय नाव, अमेरिकेतले सायकलवालेही त्याच्याच नावानं बोटं मोडतात. त्याच्यापुढे धाग्याच्या ताकदीपेक्षा काटा ट्यूबपर्यंत पोचतो की नाही हे महत्त्वाचं.

इथे पहिल्या कलमाला अर्धे मार्क द्यावे लागतात. नाइलाज आहे. बाबांनी मागवलेला टायर म्हणजे श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस. त्यात नक्षीखाली पाच मिलिमीटर जाड रबराचा थर असतो, तार असो की सराटा, बहुतेक वेळा तिथेच अडकून बसतो. माझ्या सायकलला मागे तीन वर्षं तोच होता आणि तीन वर्षांत एकच पंक्चर झालं. (मोज्याचा प्रसंग होता तो हलक्या टायरांच्या माझ्या दुसऱ्या सायकलचा.) पण ते एक पंक्चर झालं ना! रात्री साडेआठला, सिंहगड रोडवर, दीड इंची खिळा. अण्णांच्या सल्ल्यानं पंप-पॅच फेकून दिले असते तर सायकल खांद्यावर घेऊन धायरी गाठली असती. तेव्हाही टायर इतका ताठ की प्लॅस्टिकचं एक लिव्हर मोडलं. एक टायर जवळजवळ किलोभर वजनाचा, सिग्नलवरून सुटताना पाय ते सांगतात. आणि 'जर्मन' म्हणाल तर कंपनी जर्मन, टायर बनतात इंडोनेशिया आणि व्हिएतनामला. त्यानं बिघडत काही नाही, पण फॉरवर्डमधला अभिमान नक्की कुणाच्या कारखान्याचा, एवढं तरी बघावं.

उरलेलं पटकन. पाण्यावर तरंगण्याची भीती मोटारीची आहे, सायकलची नाही. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानाच्या चाकांसाठी सूत्र काढलं: टायरमधल्या दाबाच्या (पीएसआय, म्हणजे हवा भरताना सांगतो त्या आकड्याच्या) वर्गमुळाला नऊनं गुणा, तितक्या नॉट वेगाला चाक पाण्यावर तरंगतं. ४९ पीएसआय हवा धरली तर ६३ नॉट, म्हणजे ताशी ११७ किलोमीटर. बाबा मंडईतून परतताना इतक्या वेगानं येत नाहीत. डांबरावर गुळगुळीत टायर पावसातही चालतो. शेल्डन ब्राउनही हेच सांगून गेला. घसरायला होतं ते पांढऱ्या पट्ट्यांवर आणि ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांवर, आणि तिथे कुठलीच नक्षी वाचवत नाही. पावसाळ्यात पंक्चर वाढतात हे मात्र खरं, कारण ओलं रबर काचेला लवकर कापू देतं.

जुनी ट्यूब आत घालणं: बाबा हे चाळीस वर्षं करतायत आणि थोडा फायदा होतो, हे कबूल. फक्त कापलेली कड पातळ करून घ्यायची, नाहीतर तीच कड घासून घासून नव्या ट्यूबला भोक पाडते.

भरीव टायर? १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपनं पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला तो का, याचा विचार कुणी करेल का? त्याआधी लोखंडी पट्टीची नाहीतर भरीव रबराची चाकं असायची आणि सुरुवातीच्या सायकलींना लोक हाडं खिळखिळी करणारी म्हणायचे. भाड्याच्या सायकलला ठीक आहे, तिथे हाडं दुसऱ्याची असतात.

ग्रुपवर हे सगळं थोडक्यात टाकलं. अण्णांनी अंगठा दाखवला आणि तासाभरात कारल्याच्या रसावरचं काहीतरी आलं.

बाबांना मी साताऱ्यातल्याच दुकानातून ६३५ चा देशी टायर घ्यायला लावला, काही शेकड्यांत आला, आत त्यांची लाडकी जुनी ट्यूब कड तासून घातली. परदेशी टायर एसटीनं आलेल्या भावाबरोबर पुण्याला आला. माझं चाक ६२२ चंच, आणि मागचा जुना टायर झिजलाच होता. पैसे देऊ केले तर बाबा घेईनात. मागच्या शनिवारी गेले तेव्हा बघितलं, काळ्या सायकलच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहिलंय: ६३५. खाली, जरा लहान अक्षरांत: अण्णांना विचारू नये.