बेंजामिन ब्रिटनच्या ऑपेरांमध्ये माझी पसंती ‘बिली बड’लाच

आज दुपारी एका परिचितांकडे जेवणानंतरच्या गप्पा बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारावर आल्या आणि त्याच्या ऑपेरांपैकी सर्वांत आवडता कोणता, असा प्रश्न निघाला. बहुतेकांनी ‘पीटर ग्राइम्स’ सांगितला, एकीने ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चे नाव घेतले. मी ‘बिली बड’ म्हटल्याबरोबर एक गृहस्थ उद्गारले, “ज्यात बाईचा एक आवाज नाही, तो ऑपेरा पावणेतीन तास कोण ऐकणार?” सगळे हसले आणि विषय पुढे गेला. दुसऱ्याच्या घरी वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यापासून ते हसणे डोक्यातून जात नाही, म्हणून येथे लिहिते आहे.

बाईचा आवाज नाही, कारण गोष्ट 1797 सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवर घडते. फ्रान्सशी युद्ध चालू आहे, स्पिटहेड आणि नोर या इंग्लंडच्या नौदल तळांवर खलाशांची बंडे नुकतीच होऊन गेली आहेत आणि प्रत्येक अधिकाऱ्याला प्रत्येक खलाशात बंडखोर दिसतो आहे. व्यापारी जहाजावरून जबरदस्तीने उचलून आणलेली माणसे आहेत, चाबकाचे फटके आहेत, आणि त्या लाकडी भिंतींबाहेर चारी बाजूंना पाणी आहे. या जगात एखादी नायिका आणून बसवली असती, तर ती केवळ त्या गृहस्थांच्या सोयीसाठी बसवल्यासारखी झाली असती. आणि एकसुरीपणा म्हणाल, तर टेनर, बॅरिटोन, बास हे उंच ते खर्जातले पुरुषी आवाज, छोट्या मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) मुलांचे कोवळे आवाज आणि खलाशांचा तो प्रचंड समूह यांतून ब्रिटनने किती छटा काढल्या आहेत, हे ऐकल्याशिवाय बोलू नये. फटके खाऊन आलेल्या पोरसवदा खलाशाच्या दुःखाला त्याने सॅक्सोफोन दिला आहे. एवढे एक स्थळ ऐकले तरी रंग नाहीत ही तक्रार करायला तोंड उरत नाही.

माझ्या पसंतीचे खरे कारण मात्र माझे वडील आहेत. 2019 साली ते लंडनला माझ्याकडे आले होते, तेव्हा तिथल्या कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहात डेबोरा वॉर्नर यांनी दिग्दर्शित केलेला ‘बिली बड’ लागला होता. बाबांची सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत गेली. गाणे म्हणजे त्यांच्या लेखी नाट्यसंगीत आणि रेडिओवरची रागदारी. पाश्चात्त्य ऑपेरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना सगळ्यात वरच्या, स्वस्त जागेवर नेले आणि पहिला अंकभर ते कंटाळतील या धास्तीने त्यांच्याकडेच पाहत राहिले. ते पडद्यावरची इंग्रजी ओळ न् ओळ वाचत होते.

मध्यंतरात मी त्यांना सांगितले की या ऑपेराची संहिता एरिक क्रोझियर यांच्याबरोबर कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिली आहे, आणि हे फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या देवास संस्थानाचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. बाबांचा चेहरा उजळला. “म्हणजे आपल्या पवारांच्या दरबारी होता की हा माणूस!” असे ते म्हणाले, आणि त्यानंतर तो ऑपेरा त्यांना परका राहिला नाही.

दुसऱ्या अंकात जे घडते ते थोडक्यात सांगते. जहाजावरचा शिस्तपालक क्लॅगार्ट हा बिली या तरुण खलाशाच्या देखणेपणाने आणि निष्पापपणाने आतून जळत असतो. तो कॅप्टन व्हेअरसमोर बिलीवर बंडाचा खोटा आरोप करतो. बिली तोतरा आहे. भावना अनावर झाली की त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. उत्तर देता येत नाही म्हणून त्याचा हात उठतो आणि क्लॅगार्ट एका ठोशात मरतो. तिथल्या तिथे लष्करी न्यायालय बसते. तीनही अधिकारी व्हेअरकडे पाहतात, कारण खरे काय घडले ते पाहणारा तो एकटाच असतो. आम्हाला मार्ग दाखवा, अशी विनवणी ते त्याला करतात. व्हेअर नकार देतो. फाशीची शिक्षा होते.

या ठिकाणी बाबांनी माझा हात घट्ट धरला. मग व्हेअर ती शिक्षा सांगायला बिलीकडे जातो. त्या दोघांत काय बोलणे झाले हे ब्रिटन आपल्याला ऐकू देत नाही. शब्द नाहीत, चाल नाही, केवळ वाद्यवृंदाचे 34 कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ, एकामागून एक, संथ. कधी पितळी वाद्ये, कधी लाकडी वाद्ये, कधी तंतुवाद्ये, कधी दणदणीत, कधी जेमतेम ऐकू येतील असे. सगळे एफ मेजरच्या तीन स्वरांभोवती बांधलेले, तरी प्रत्येकाचा रंग वेगळा. ज्यांचा कान एका षड्जावर आणि एका सुरावटीवर घडला, त्या माझ्या वडिलांना कॉर्ड म्हणजे काय हे कोणी शिकवलेले नव्हते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अगं, तो त्याची क्षमा मागतो आहे.” मला हे कोणत्याही समीक्षेने इतके स्पष्ट सांगितले नव्हते. आता त्यावर कोणी मला नायिका नाही म्हणून सांगतो, तेव्हा माझा संताप होणार नाही तर काय!

‘पीटर ग्राइम्स’चे मोठेपण मी नाकारत नाही. 7 जून 1945 रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तो उभा राहिला नसता, तर पुढचे काहीच झाले नसते, आणि त्यातला समुद्र ‘बिली बड’मधल्या समुद्रापेक्षा अधिक जिवंत आहे, हेही मान्य. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ची बांधणी अधिक घट्ट आहे, तेही खरे. केवळ 13 वादक, बारा स्वरांचा एक विषय आणि त्याची 15 रूपांतरे यांवर अख्खी भयकथा तोललेली आहे. पण सर्वांत महत्त्वाचा कोणता आणि सर्वांत आवडता कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आज दुपारी विचारला गेला तो दुसरा होता. ग्राइम्स या कोळ्याला गाव छळते, आणि गावावर रागावणे सोपे असते. ‘बिली बड’मध्ये निष्पाप मुलाला फासावर चढवणारा माणूस वाचणारा, विचार करणारा, सज्जन आहे. आपण ज्यांना आदर देतो तसा आहे. त्याच्यावर रागावताना आपल्यालाच त्रास होतो.

या बाबतीत बाबांचे आणि माझे एकमत नाही. कचेरीत इतकी वर्षे निकालांचे कागद हाताळलेले बाबा त्या रात्री परतीच्या बसमध्ये व्हेअरवर चिडलेले होते. “कायदा कठोर असतो हे मला सांगू नकोस. त्याला साक्ष द्यायची होती, त्याने ती दिली नाही,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला व्हेअरची कीव येते. म्हातारपणी, ऑपेराच्या शेवटी, तो एकटा उभा राहून कबूल करतो की मी त्याला वाचवू शकलो असतो, आणि त्याच क्षणी ते जुने कॉर्ड वाद्यवृंदात परत येतात. मला त्यात सुटका ऐकू येते. बाबांना त्यात उशिरा आलेली आणि म्हणून निरुपयोगी कबुली ऐकू येते. अजूनही फोनवर हा विषय निघाला की आमचे वाजते.

आणखी एक गोष्ट मला आज बोलायची होती. हा ऑपेरा 1 डिसेंबर 1951 रोजी प्रथम झाला तेव्हा स्वतः ब्रिटन वाद्यवृंद चालवत होता आणि व्हेअरची भूमिका त्याचा जन्माचा जोडीदार पीटर पिअर्स गात होता. पुरुषांमधले प्रेम इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होते आणि 1967 पर्यंत गुन्हाच राहिले. क्लॅगार्ट अंधारात एकटा आपला द्वेष गातो, तेव्हा त्या द्वेषाच्या तळाशी काय आहे ते कोणी उच्चारत नाही, पण संगीत ते लपवत नाही. ब्रिटन आणि फॉर्स्टर दोघांनाही हे आतून ठाऊक होते. अशा दोन माणसांनी त्या काळात हे राष्ट्रीय रंगमंचावर मांडले, आणि आपण 2019 नंतरही त्यात बाई शोधत बसतो, याचे मला वाईट वाटते.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रिटनने स्वतः संचालित केलेले डेक्का कंपनीचे ध्वनिमुद्रण घ्या, पिअर्स त्यात व्हेअर आहेत. ते 1960 सालच्या दोन अंकी आवृत्तीचे आहे, आणि मूळच्या चार अंकांपेक्षा मला तीच अधिक आवडते. पहिला अंक संथ वाटेल, पण तो गाळून थेट दुसऱ्यावर जाऊ नका, कारण खलाशांच्या दोर ओढण्याच्या गाण्यातली जी सुरावट पुढे बंडाची होते, ती तुम्हाला तिथेच भेटते. संहिता समोर ठेवून ऐका. ऐकून झाल्यावर व्हेअर दोषी की नाही ते येथे लिहा, मी सगळी मते बाबांना वाचून दाखवणार आहे.