सहाशेची लेन्स राहू द्या, आधी कूलर बंद करा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एका ग्रुपवर तर माझ्या चुलतभावानेच टाकलेला, खाली तीन अंगठे. मथळा होता ‘अंगणातल्या पक्ष्यांचे शार्प फोटो : सहा पक्के नियम’. ते नियम असे. एक, ६०० मिमीची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स नसेल तर नाद सोडा. दोन, ट्रायपॉडशिवाय शार्प फोटो येतच नाही. तीन, शटर कायम १/४००० सेकंद आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) कायम १००. चार, ऊन जितकं कडक तितका फोटो शार्प, म्हणून दुपारी काढा. पाच, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं ठेवा. सहा, घरट्यासमोरच्या फांद्या छाटा आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावा, पक्षी आपोआप समोर येतो.

मी जुळे सोलापुरात राहतो. अंगण म्हणजे दारापुढची पंधरा बाय बारा फुटांची जागा, एक जास्वंद, एक शेवगा आणि कपड्यांची तार. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स साधी ७०-३०० मिमीची. पहिल्या पाच नियमांपैकी जे माझ्या खिशाला झेपले ते मी पाळून पाहिलेत, आणि शेकड्याने धूसर फोटो काढलेत. त्या भांडवलावर हे लिहितोय.

लेन्सपासून सुरू करू, कारण लोक तिथेच गार होतात. आपल्या अंगणातला जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर. ३०० मिमीच्या लेन्सने तो ३ मीटरवरून टिपला तर साध्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) रुंदीचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतो. तोच पक्षी ६०० मिमीने १२ मीटरवरून टिपा, पाव भागही भरत नाही. म्हणजे महागडी लेन्स घेऊन लांब बसलेल्यापेक्षा स्वस्त लेन्स घेऊन जवळ बसलेला बरा. नान्नजच्या माळावर ६०० लागेल, हिप्परग्याच्या तलावावर लागेल, ते मान्य. पण अंगणात पक्षी आपल्याकडे येतो, आपण फक्त हलायचं नाही.

तो येतो पाण्याला. मातीची उथळ परात, त्यात दोन बोटं पाणी, पाय टेकायला मध्ये एक खडबडीत दगड. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, पण परातीला लागतं किती? तांब्याभर. रोज घासायची मात्र, विष्ठा पडलेलं पाणी पक्ष्यांना आजारी पाडतं. परातीच्या हातभर वर एक वाळकी फांदी बांधून ठेवा. लालबुड्या बुलबुल थेट पाण्यात उतरत नाही. आधी त्या फांदीवर बसतो, मान इकडे-तिकडे करतो, तुरा उभा करतो आणि मग एक क्षण गप्प राहतो. तो क्षण आपला. फोकस आधीच फांदीवर तयार असतो, मागे लांबची भिंत असली की पानांचा पसारा नाही, आणि कॅमेरा पक्ष्याऐवजी पान पकडत नाही. दाट जास्वंदीत लपलेल्या शिंपी पक्ष्याच्या मागे मी दोन महिने घालवले. पानं मात्र अप्रतिम शार्प आली.

आता ट्रायपॉड. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझे सगळे फोटो दुहेरी येत होते. लेन्स खराब झाली असं धरून मी दुकानात नेली. काउंटरवरच्याने दोन मिनिटं फिरवून सांगितलं, ‘मोटर गेली, बदलावी लागेल.’ खिशात पैसे नव्हते म्हणून वाचलो. घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठे करून बघितले. बुलबुलाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका एका ठिपक्याऐवजी उभी रेघ झालेला. फांदीचा काटाही तसाच, मागच्या तारेची गाठही तशीच, सगळं एकाच दिशेला ओढलेलं. मोटर बिघडून फोकस चुकला असता तर कुठलं तरी एखादं पान, एखादी काडी तरी स्वच्छ निघाली असती. पक्षी हलला असता तर तो एकटाच फिसकटला असता, काटा नाही. सगळंच एका दिशेला ओढलंय म्हणजे कॅमेरा हललाय. पण मी तर लेन्स खिडकीच्या ग्रिलवर टेकवून बसत होतो!

त्याच ग्रिलला कूलर बसवलेला होता.

कूलर बंद करून दहा फोटो काढले, आठ स्वच्छ आले. चालू करून दहा काढले, एकही नाही. ट्रायपॉड असता तरी तो मी त्याच थरथरत्या ग्रिलला चिकटवून लावला असता, कारण बसायची जागा तीच. शिवाय कूलर असो वा एसी, आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा खिडकीत मिसळते तिथे चित्र डुचमळतं, ते वेगळंच. तेव्हापासून मी जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवून त्यात दोन किलो ज्वारी भरलीय आणि ती खिडकीच्या कठड्यावर ठेवतो. लेन्स त्यात रुतून बसते. (ज्वारी मालदांडी होती. आईने ओळखली, आणि तो दिवस मी विसरू इच्छितो. आता आत वाटाणे आहेत.) जड लेन्स घेऊन चार तास बसणाऱ्याला ट्रायपॉड हवाच, हात दुखतात. पण बसल्या जागी शेपटी उडवणाऱ्या दयाळाला ट्रायपॉड थांबवत नाही, लेन्समधलं हादरे आवरणारं स्टॅबिलायझेशनही थांबवत नाही. त्याला वेगवान शटरच लागतं.

आणि शटरच्या बाबतीत तो तिसरा नियम स्वतःशीच भांडतो. लख्ख उन्हात, एफ/५.६ (हा एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) आणि आयएसओ १०० वर योग्य उजेडाचा फोटो हवा तर शटर साधारण १/८०० मिळतं. हे सोलापूरच्या उन्हात! मग १/४००० कुठून आणणार? फोटो काळा येणार. शेवग्याच्या सावलीत तर त्याच सेटिंगला १/५० च्या आसपासच मिळेल, आणि १/५० ला फांदीवरची चिमणी म्हणजे तपकिरी डाग. सावलीत १/१००० हवं असेल तर आयएसओ २००० पर्यंत न्यावा लागतो. न्यायचा. त्याने दाणेदार झालेला फोटो नंतर बराच सुधारतो, हललेला फोटो सुधारत नाही. आयएसओ घाबरून कमी ठेवला आणि काळा आलेला फोटो कॉम्प्युटरवर उजळ केला, तर त्या सावल्यांतून दाणे उसळून वर येतात ते आणखी वाईट. मी शांत बसलेल्या होल्याला १/५०० देतो, चुळबुळणाऱ्या शिंजीराला १/१००० ते १/१६००, परातीत पंख फडफडवत आंघोळ करणाऱ्या साळुंकीला १/२०००. आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो, वरची मर्यादा घालून. १/४००० मला क्वचितच लागलंय.

दुपारच्या उन्हाबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तापलेल्या पत्र्यावरून हवा उकळल्यासारखी वर जाते आणि समोरच्या गच्चीवरचा वेडा राघू पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. त्याला कुठलीच लेन्स उपाय नाही. तीन मीटरवर हा त्रास फारसा जाणवत नाही, पण डोक्यावरच्या उन्हात डोळा सावलीत जातो आणि शिंजीर कोळशाचा तुकडा दिसतो. त्याची जांभळी-निळी झाक नुसत्या रंगाची नाही, पिसांच्या रचनेवरून उजेड परततो त्याची आहे, आणि कोन जुळला तरच दिसते. सकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन आपल्या पाठीमागून. बस.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवण्यात एक अडचण आहे जी पोर्ट्रेट काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ३ मीटरवर, ३०० मिमी आणि एफ/५.६ ला पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण २ सेंटीमीटरच्या आसपास असतो. एफ/२.८ ला तो १ सेंटीमीटरवर येतो. शिंजीर तुमच्याकडे तोंड करून बसला तर डोळा शार्प आला आणि छाती धूसर गेली. म्हणून जवळच्या पक्ष्याला एफ/८, पक्षी आडवा बसेपर्यंत थांबायचं, आणि फोकसचा एकच ठिपका डोळ्यावर. डोळा शार्प असेल तर शेपूट धूसर आहे अशी खोड कुणी काढत नाही.

सहावा नियम मात्र नुसता चुकीचा नाही, वाईट आहे. शिंजीराचं घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्याने आणि गवताने विणलेली लोंबती पिशवी, दारावर छोटा छज्जा. समोरची फांदी छाटली की आपल्याला दिसतं तसं कावळ्यालाही दिसतं, भारद्वाजालाही. पिल्लांवर सरळ ऊन येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची घरटी नि अंडी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येतच धरलंय, हे फांदी छाटणाऱ्याने लक्षात ठेवावं. आवाज लावण्याचं तसंच. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, घरट्याकडचं लक्ष सोडून फांदीफांदीवर नाचत सुटतो. आणि नाचणारा पक्षी शार्प येतो होय? गेल्या वर्षी आमच्या कपड्यांच्या तारेवर घरटं लागलं, तेव्हा महिनाभर कपडे गच्चीवर वाळत होते. घरट्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. चुलतभावाने उत्तर न देता एक फोटो पाठवला. बुलबुल, धूसर. खाली लिहिलं, ‘मग हे काय बे? लेन्सच बाद आहे.’

मी फोटो मोठा केला. डोळ्याचा ठिपका उभी रेघ, फांदीसुद्धा दुहेरी.

‘कूलर चालू होता का?’

‘होता की. घरात म्हातारी आहे, बंद कसा करू?’

‘मग दुसऱ्या खिडकीत बस.’