अधिवेशनाचा कार्यक्रम कसा आखावा?

एखाद्या विज्ञानसंस्थेच्या वार्षिक अधिवेशनाच्या कार्यक्रम समितीवर तुमची वर्णी लागली असेल, तर आधी डोक्यातून एक खूळ काढून टाका: की अधिवेशन ऐकणाऱ्यांसाठी असतं. अधिवेशन चौकोन भरण्यासाठी असतं. एक्सेलची फाईल उघडायची, आडव्या ओळीत वेळ, उभ्या रकान्यात सभागृहं, आणि एकही चौकोन रिकामा दिसणार नाही अशा बेताने नावं कोंबत सुटायचं. शेवटी फाईल रंगीबेरंगी दिसली की काम फत्ते.

गोषवारे सहा-सात महिने आधी मागवा. तेव्हा संशोधकाच्या हातात निष्कर्ष नसतात, हे तर उत्तमच. तो बिचारा ‘निष्कर्षांची सविस्तर चर्चा करण्यात येईल’ असं लिहून देतो आणि ते वाचायलाही सोपं पडतं. मुदत कडक आहे असं ठळक अक्षरांत बजावा, मग शेवटच्या रात्री ती दहा दिवसांनी वाढवा. ज्यांनी सगळं वेळेत पाठवलं त्यांना आपली पायरी कळली पाहिजे.

मग परीक्षण. प्रत्येक गोषवारा तिघांकडे जाऊ द्या. एक पाच गुण देतो, दुसरा एक, तिसरा उत्तरच देत नाही. सरासरी तीन, म्हणजे पोस्टर: भाषण नाही, संशोधन मोठ्या कागदावर छापून टांगायचं आणि शेजारी उभं राहायचं. यात कुठे वस्तुनिष्ठता कमी पडते का, असली तपासणी चुकूनही करू नका. मशीन लर्निंगवाल्यांच्या निप्स परिषदेने २०१४ साली तो आगाऊपणा केला. १६६ शोधनिबंध दोन स्वतंत्र गटांकडे पाठवले. जवळजवळ पाव निबंधांबाबत दोघांचे निकाल उलटे आले. एका गटाने पसंत केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसऱ्याने नापास केलेले निघाले. २०२१ साली पुन्हा करून पाहिलं, चित्र फारसं बदललं नव्हतं. यावरून घ्यायचा धडा सरळ आहे. गट एकच ठेवा, म्हणजे निकाल शंभर टक्के जुळतात.

बीजभाषणाला गेल्या वर्षीचेच वक्ते बोलवा, त्यांच्या स्लाइड तयार असतात.

परिसंवादात सगळे पुरुषच झाले असतील तर सूत्रसंचालनाला एका बाईंना बसवा.

उद्घाटन कितीही लांबू द्या, भरपाई पहिल्या सत्रातल्या वक्त्यांकडून वसूल करता येते.

पोस्टरचं प्रस्थ युरोपातल्या जीवरसायनवाल्यांकडून आलं आणि १९७४ च्या मिनियापोलिस अधिवेशनापासून अमेरिकेत रुजलं. त्यामागचा विचार असा, की दहा मिनिटं व्यासपीठावरून बोलण्यापेक्षा माणसं समोरासमोर उभी राहून निवांत बोलतील. तुम्ही पोस्टरची वेळ जेवणाच्या सुट्टीत ठेवा आणि जेवण शेजारच्या इमारतीत. पोस्टरला कोणी हात लावणार नाही.

आता खरं कौशल्य: समांतर सत्रं. नवखे सदस्य इथे चुकतात. एका विषयाची सत्रं वेगवेगळ्या वेळी ठेवली तर लोक दोन्हीकडे जातील, एकमेकांचं ऐकतील, प्रश्न विचारतील, वाद होईल. हे टाळायचं असेल तर एकाच विषयाची दोन सत्रं नेमकी एकाच वेळी, इमारतीच्या दोन टोकांना लावा. हे कसं साधायचं, याचा नमुना मी नुकताच पाहून आलो. आमचा विषय नदीतला गाळ. जलविज्ञान विभागाने ‘नद्यांमधील गाळ’ असं सत्र लावलं. भूरूपशास्त्र विभागाने ‘गाळाचे वहन’ असं लावलं. दिवस तोच, वेळ तीच, एक तळमजल्यावर, दुसरं तिसऱ्या. का? तर अर्ज भरताना कोणी कुठला कीवर्ड निवडला होता त्यावरून संगणकाने ढीग पाडले, आणि दोन विभागांच्या प्रमुखांनी एकमेकांचा ढीग उघडूनही पाहिला नाही. ज्यांच्या मोजमापांवर मी जाहीर आक्षेप घेणार होतो, ते गृहस्थ त्याच मिनिटाला तीन मजले वर तीच मोजमापं मांडत होते. त्यांच्यावर टीका झाली हे त्यांना कळलं नाही. माझ्याही ज्ञानात भर पडली नाही. समितीचा मात्र चौकोन भरला, एक नव्हे दोन!

बरं, निदान अर्ध्या वेळाने उठून वर जावं, तर वेळापत्रकाला काही अर्थ हवा. चौथे वक्ते पंधरा मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं बोलले. सत्राध्यक्षांनी घंटी हातात धरली होती, वाजवली नाही. वक्ते त्यांचे गाईड होते. त्याआधी दुसरे आलेच नाहीत, म्हणून तिसऱ्यांना पुढे ओढलं होतं. छापील वेळेवर खास त्यांना ऐकायला आलेली माणसं दारात कागद उलटसुलट करत उभी राहिली, कारण ते बोलून केव्हाच मोकळे झाले होते. गैरहजर माणसाची जागा रिकामी ठेवायची, त्या वेळात आधीच्यांना प्रश्न विचारायचे, एवढं साधं सुचू नये? अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्चमधल्या अधिवेशनाला हजारो माणसं येतात. तिथे साध्या भाषणाला १० मिनिटं आणि प्रश्नांना २. एवढा पसारा चालतो तो घड्याळाच्याच जोरावर. आमच्याकडे पाच वक्त्यांचं सत्र आवरत नाही.

शेवटी एक विद्यार्थिनी होती. अर्थात शेवटी, कारण विद्यार्थ्यांना शेवटच्या दिवशी शेवटी टाकायचं हाही नियमच. चार मिनिटं मिळाली. तिने दोन पावसाळे गाळाचे नमुने गोळा केले होते. आलेखाच्या अक्षांवर काय आहे हे सांगून होईतो अध्यक्ष म्हणाले, “बाकी चहाच्या वेळी बोलू.” चहा संपला होता. बाहेर समितीचा समूहफोटो चालला होता.

समितीवाले फुकट राबतात, मान्य. रात्री जागतात, फोन घेतात, वक्त्यांचे रुसवे काढतात, तेही मान्य. पण स्वतः फुकट राबलात म्हणून दुसऱ्याचा वेळ फुकट घालवायचा परवाना मिळत नाही. त्या मुलीने नोंदणी शुल्क पूर्ण भरलं होतं, तुम्ही तिला वेळ मात्र सुमारे एक चतुर्थांशच दिलात. उरलेली अकरा मिनिटं तुमच्या गुरुजींना वाटलीत!

आणि करायचं तरी काय होतं? वेळापत्रक जाहीर करण्याआधी सगळ्या विभागप्रमुखांनी एका टेबलाशी बसून शीर्षकं मोठ्याने वाचायची. ‘गाळ’ हा शब्द दोनदा ऐकू आला असता, हो, नक्की आला असता. एक दुपार गेली असती. ज्यांना आपल्या गाईडसमोर घंटी वाजवता येत नाही त्यांना सत्राध्यक्ष करायचं नाही. विद्यार्थ्यांना सकाळची वेळ द्यायची, बड्या लोकांना संध्याकाळची. त्यांना ऐकायला लोक तसेही थांबतात. यातलं एकही काम जमणार नसेल तर पुढच्या वर्षी समितीसाठी नाव देऊ नका. बायोडेटातली ती एक ओळ नसली तर कोणाचं काही अडणार नाही.