फुकटात जगभरचं ज्ञान मिळवायचंय? या, सांगतो

एक रुपया न देता, इंटरनेटवरून, परदेशी विद्यापीठात शिकायचंय? अवश्य शिका. मी नुकताच शिकून उठलोय, तेव्हा सल्ला द्यायचा हक्क माझा.

पहिलं म्हणजे, विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) न जळालेलं गाव बघून जन्म घ्या.

रेंजसाठी माळवद उत्तम.

नाव नोंदवायला मागंपुढं पाहू नका, बहुतेकांच्या हातून तेवढंच होतं. २०११ साली स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवरून सगळ्यांना खुला केला. सुमारे १ लाख ६० हजारांनी नावं घातली, शेवटपर्यंत टिकले २३ हजारांच्या आसपास. पुढं तर बऱ्याच कोर्सांत शंभरातले दहासुद्धा टिकेनात. तेव्हा अर्ध्यात सोडलंत तरी लाजू नका, जग तुमच्यासोबत आहे.

गृहपाठ मात्र मनापासून लिहा. लाखभर वह्या मास्तर कुठून तपासणार? म्हणून विद्यार्थीच एकमेकांच्या तपासतात. माझा विषय पाणी व्यवस्थापन. 'तुमच्या भागातलं उदाहरण द्या' असा प्रश्न. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, रात्री दीडला, चार्जिंग नऊ टक्के असताना लिहिलं: आमचं सातशे फूट बोअर, टँकरपुढची घागरींची रांग, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं आणलेलं पाणी. गुण मिळाले दहापैकी चार. खाली शेरा: 'रेल्वेची कल्पना रंजक आहे, पण काल्पनिक उदाहरणं टाळावीत.' काल्पनिक! अरे बाबा, ते पाणी लातूरकरांनी प्यायलंय! तू कुठल्या देशात नळाखाली हात धरून बसलायस देव जाणे. दाद मागावी म्हटलं तर तिथं यंत्र बोलतं, 'तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' महत्त्वाचा आहे तर वाच की!

तरी रेटून कोर्स संपवला. प्रमाणपत्रावर बोट ठेवलं, तर ४९ डॉलर.

आपलं ऑनलाइन कोर्सांचं सरकारी 'स्वयं' आहेच २०१७ पासून. शिकणं फुकट, परीक्षेला फी, केंद्र गाठायला एसटी.

माझ्या कोर्सात शिकवणाऱ्या बाईंबद्दल तक्रार नाही हो. काळ्या दगडात पाणी फटीफटींतूनच फिरतं, म्हणून लागून लागून घेतलेल्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं नि दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो, हे मला पन्नाशीत त्यांच्याकडून कळलं. हेच बारावीत मराठीतून कुणी सांगितलं असतं तर दोन बोअरचे पैसे वाचले असते.

म्हणूनच डोकं फिरतं. सत्कार घेत 'हार्वर्ड आता तुमच्या खिशात आलंय, सबब सांगू नका' म्हणणाऱ्या साहेबांनो, कॉलेजात मास्तरांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, प्रयोगशाळेला कुलूप घालायचं आणि पोरांच्या ग्रुपवर लिंक टाकून हात झटकायचे, याला शिकवणं म्हणता? भाषा कळेना म्हणून पोरगी व्हिडिओ चारदा मागं घेते, तेवढ्यात दिवसाचा दीड जीबी संपतो. मग तुम्हीच म्हणता, पोरांना चिकाटी नाही. तिची चिकाटी काढू नका. आधी तो डीपी बदला. एकवीस दिवस झाले, अजून 'ऑइल आलं नाही' म्हणून सांगताय.