जरा कंटाळवाणे फोटो काढा

वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चच्या कमानीतून उतरणाऱ्या उन्हाचा फोटो माझ्याकडेही आहे. चांगले चाळीसेक असतील. तुमच्याकडेही असेलच. शिवाय दर रविवारी तिथे प्री-वेडिंगवाले लाल गाऊनचा घोळ वाऱ्यावर उडवत असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते बिचारे वास्तूचे फोटो काढायला आलेलेच नसतात.

तक्रार आहे ती आम्हा पडक्या वास्तूंच्या वेड्यांबद्दल.

गेल्या महिन्यात किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलो. छप्पर केव्हाच गेलंय, पण जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. पोर्तुगीज अक्षरं, काहींवर घराण्यांची चिन्हं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांतली ही माणसं. विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या आणि जपल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. शिळा मात्र जागीच राहिल्या, पावसात आणि चपलांखाली.

एका शिळेची खालची ओळ मला लागेना. म्हटलं, आपले जुने फोटो आहेत की! घरी येऊन २००९ पासूनच्या हार्ड डिस्क उपसल्या. कमानी, ढग, भिंत फोडून निघालेला पिंपळ, पाठमोरा मित्र. ती शिळा सापडली एकाच फोटोत, मित्राच्या बुटाखाली, तीही धूसर. कारण फोकस बुटावर! पंधरा वर्षं जातोय तिथे, आणि कामाचा म्हणावा असा एक फोटो नाही.

म्हणून सांगतो, तुमची ती कमान काढा हवी तर, पण नंतर पाच मिनिटं गुडघ्यावर बसा. शिळा अगदी समोरून, सरळ, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग एक फोटो तिरप्या उजेडात. सकाळचं कोवळं ऊन किंवा संध्याकाळी मोबाईलची बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल असलं काही चोळू नका. हे करणारे महाभाग मी पाहिलेत आणि ते स्वतःला अभ्यासक म्हणवतात. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही जाता जाता.

आणि फोटोखाली तारीख, जागा लिहा. 'हरवलेल्या काळाच्या पाऊलखुणा' नको.

अशा फोटोंना लाईक पडत नाहीत. मी तसे बावीस टाकले, त्यांना मिळून नऊ आले, त्यातला एक बायकोचा.

परवा पुन्हा तसाच शिळेवर ओणवा झालो होतो. किल्लाबंदरची एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. थांबली आणि म्हणाली, "काय पडलं रे बाबा तुझं?"

म्हटलं, "काही नाही मावशी, वाचतोय."

"मग मोठ्यानं वाच की," म्हणाली आणि टोपली खाली ठेवून बसलीच.