दशमांश वसुलीचे रामबाण उपाय

मंडळी (म्हणजे चर्च हो!) ऐरोलीतली असो नाहीतर ठाण्यात कोपरीची, अर्पण वाढत नाही हे रडगाणं सगळीकडे सारखंच. आमच्या नवी मुंबईच्या मंडळीने मात्र गेल्या रविवारी तोडगा काढला. तुम्हीही घ्या शिकून.

पहिलं म्हणजे थैली फिरवणं बंद करा. क्यूआर कोड चिकटवा आणि शेजारी बोलका डबा ठेवा. सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना डबा खणखणीत आवाजात सांगतो, ‘पाच हजार रुपये प्राप्त झाले.’ आमेन! मग ‘वीस रुपये प्राप्त झाले’ ऐकू आलं की माना मागे वळतात. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, असं बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो. डाव्या हाताला कुठे कळलं? फक्त शेवटच्या बाकापर्यंत कळलं.

पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवा, आणि ते वाचता यावं म्हणून मे महिन्यातही पंखा बंद ठेवा.

बायबलातल्याच मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन, ‘सगळा दशमांश (म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा) भांडारात आणा’, दर रविवारी वाचा. पाचव्याकडे नजर जाऊ देऊ नका. मजुराची मजुरी दाबणाऱ्यांना आणि विधवा-पोरक्यांना छळणाऱ्यांना देव तिथे धारेवर धरतो, आणि सभागृह झाडणाऱ्या मावशींचा पगार थकलाय. एसीचा हप्ता वेळेवर गेला, देवाची कृपा. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्यायही टाळाच. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा. मंदिराची सेवा करणारे लेवी, उपरे, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खावा, असलं काहीतरी तिथे आहे. बजेट कोलमडेल.

आता खरा उपाय: व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाका. नाव, रक्कम, आणि ज्यांनी दिलं नाही त्यांच्यापुढे लाल अक्षरात ‘बाकी’. आमच्या यादीत घणसोलीच्या एक आजी आहेत. नवरा गेला, चार घरी पोळ्या लाटतात. त्यांच्यापुढे बाकी! ती यादी नातवाने त्यांना वाचून दाखवली. आणि त्याच रविवारी प्रवचन कशावर? मार्कचा बारावा अध्याय, दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन चिल्लर नाणी, टाकणारी गरीब विधवा! गळा दाटून आला होता हो बोलणाऱ्याचा. त्याच्या जरा वरचं वचन, विधवांची घरं गिळून देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांचं, ते बरं गाळलंत!

बाकी कसली? कुणाची? आजींनी कर्ज काढलं होतं तुमच्याकडून? संतोषाने देणारा देवाला प्रिय, भाग पडतं म्हणून देऊ नका, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, आणि तुम्ही म्हातारीला चारचौघांत उघडं पाडता. लाज वाटू द्या जरा. यादी आजच्या आज काढा. आजींच्या घरी जा, माफी मागा, आणि हात हलवत जाऊ नका, महिन्याचं रेशन घेऊन जा. मावशींचा पगार चुकता करा. हाच पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून सोबत भरवशाची माणसं घेत होता. तुमचा ताळेबंद मंडळीत कुणी पाहिलाय? यादीच लावायची हौस असेल तर खर्चाची लावा, एसीच्या बिलासकट.